जातिवंत आणि संकरित

आपल्या भाषेत गाईलाही जात असते आणि माणसालाही. पशुसंवर्धनाच्या पुस्तिकेत 'गवळाऊ जातीची गाय' असे छापलेले असते, आणि तहसील कचेरीतल्या दाखल्यावरही 'जात' याच शब्दापुढे रकाना भरलेला असतो. इंग्रजांनी जनावराच्या जातीसाठी एक शब्द ठेवला आणि आपल्या देशातल्या माणसाच्या जातीसाठी दुसरा. आपण मात्र एकाच शब्दात दोन्ही कोंबले. 'जातिवंत' म्हटले की घोडा, बैल आणि घराणे तिन्ही डोळ्यांसमोर येतात. याच्या उलट 'संकर' या शब्दाचे पाहा. गोठ्यातली संकरित गाय म्हणजे प्रगती. तिच्यासाठी बँक कर्ज देते. पण हाच संकर माणसाच्या बाबतीत उच्चारला की गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाचे हातपाय गळतात. त्याला भाऊबंद मरण्याइतकीच भीती वर्णसंकराचीही वाटते.

शब्दांची ही सरमिसळ योगायोगाने झालेली नाही, असे मला वाटते. ज्या समाजाने माणसांची वर्गवारी रक्तावरून केली, त्याने जनावरांकडेही त्याच डोळ्यांनी पाहिले. आणि पुढे गोऱ्या साहेबाने जनावरांची वर्गवारी केली तेव्हा त्याने इथल्या माणसांविषयीची आपली मते गाईंवर लादली. नागपूर आणि वर्धा या दोन जिल्ह्यांत हा सारा इतिहास एका गाईच्या पाठीवर लिहिलेला सापडतो.

ती गाय म्हणजे गवळाऊ. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा, आष्टी हा भाग, नागपूरच्या काटोल-नरखेडकडचा पट्टा आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हे तिचे माहेर. अंग पांढरे, बैलांच्या मानेवर आणि वशिंडावर राखी झाक, डोके लांबट व निमुळते, बांधा हलका. दूध बेताचेच, पण बैल चालायला चपळ. मराठ्यांच्या फौजांनी सामान झपाट्याने वाहण्यासाठी हे बैल वापरले आणि त्यातून ही चपळ जात घडली, असे सांगतात. नाव अर्थातच गवळ्यांवरून. आर्वी-कारंजाकडचे नंद गवळी ही जनावरे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत.

परंतु 'जात' म्हणजे नेमके काय झाले? कोणी एके दिवशी गवळाऊ निर्माण केली नाही. कुरणातले गवत, उन्हाळ्यातली पाण्याची ओढ, काळ्या जमिनीची नांगरट, दूरच्या बाजारापर्यंतची चाल, या गोष्टींनी ती हळूहळू घडली. गोऱ्ह्यांपैकी बहुतेक खच्ची होऊन औताला जायचे. जे थोडे राहायचे ते पुढच्या पिढीचे बाप. म्हणजे कोणता गोऱ्हा ठेवायचा हे ठरवणारा हात हाच जातीचा खरा कर्ता. तो हात बहुधा अक्षरशत्रू गुराख्याचा होता. त्याची निवड रंगावर, चालीवर, स्वभावावर होई. बाहेरून आलेले चांगले जनावर त्याला वर्ज्य नव्हते. मराठवाड्यातली देवणी आज जातिवंत म्हणून मिरवते, पण गीर, डांगी आणि स्थानिक गाई यांच्या मिश्रणातून ती उभी राहिली असे पशुतज्ज्ञच लिहितात. एका पिढीचा संकर पाच-पन्नास पिढ्यांनंतर शुद्ध म्हणवला जातो. एवढेच शुद्धतेचे रहस्य.

विदर्भातल्या खेड्यात सकाळी सगळी गुरे आखरावर जमत. गायकी ती हाकून रानात नेई. त्या कळपात पाटलाची गाय असे, तेल्याची असे आणि महाराची असली तर तीही असे. गावचा मोकळा वळू कोणाच्या गाईकडे जाताना तिच्या धन्याची जात विचारत नसे. महारवाड्यातल्या कालवडीचा आणि वाड्यावरच्या कालवडीचा बाप एकच, हे गावात सर्वांना ठाऊक असे आणि त्याने कोणाचाही धर्म बुडत नसे. त्याच दोन कालवडींचे धनी मात्र एका विहिरीवर पाणी भरू शकत नव्हते. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी प्यायले, तेव्हा ते तळे 'शुद्ध' करायला घागरींतून काय ओतले गेले? शेण, गोमूत्र, दूध, दही. जनावर तळ्यावर गेले तर तळे बाटत नव्हते. उलट जनावराच्या शेणानेच माणसाचा विटाळ धुतला गेला.

आता शुद्ध जातीची कल्पना कागदावर कशी आली ते पाहू. ती आपल्या गुराख्यांची नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल याने निवडक नर-मादीचे जवळच्या नात्यात संयोग घडवून मेंढ्यांच्या व गुरांच्या ठरावीक गुणांच्या जाती घडवण्याचे तंत्र रूढ केले. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ १७९१ मध्ये छापली गेली आणि शॉर्टहॉर्न गाईंची १८२२ मध्ये. ज्याचे नाव वहीत तो जातिवंत. वहीत नाव नसलेल्याच्या पोटी जन्मलेला जातीबाहेर. वही उघडी होती तोवर तिच्यात कोणीही शिरू शकत होता. बंद झाली की आतल्यांची 'परंपरा' सुरू झाली. जमीनदार आणि बडे पशुपालक यांच्या हाती ही वही होती, हे सांगायला नकोच.

ही वही घेऊनच साहेब हिंदुस्थानात आला. त्याला इथे सगळीकडे मिसळलेली गुरे दिसली. जी थोडीफार एकसारखी दिसली त्यांना त्याने नावे दिली. बाकीच्या कोट्यवधींना सरकारी भाषेत 'वर्णनहीन' ठरवले. आपण त्यांना गावरान म्हणतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गाय-बैल मोजले गेले. त्यांतले सुमारे ५ कोटी विदेशी वा संकरित, उरलेले १४ कोटी देशी, आणि त्या देशींतही बहुसंख्य हे बिनजातीचेच. ज्या देशात माणूस बिनजातीचा राहू शकत नाही, तिथे बहुतेक गाई बिनजातीच्या आहेत!

वर्गवारी करणाऱ्यांत आर्थर ऑल्व्हर हे नाव महत्त्वाचे. शेती संशोधनाच्या शाही परिषदेचे हे पशुतज्ज्ञ. १९३८ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या महत्त्वाच्या गोजातींचा एक आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५३ मध्ये जोशी आणि फिलिप्स यांनी जागतिक अन्न व शेती संघटनेसाठी जो ग्रंथ लिहिला, त्याचा सांगाडा बराचसा याच आढाव्यावर उभा आहे, आणि आजची पाठ्यपुस्तकेही तेच गट थोड्याफार फरकाने देतात. या मांडणीत उत्तरेकडची हरियाणा, आमची गवळाऊ आणि आंध्रातली ओंगोल या पांढऱ्या गाई एका माळेत ओवल्या गेल्या. इथवर ठीक. गवळाऊ आणि ओंगोल यांच्या रूपात साम्य आहे, हे कोणीही कबूल करील. पण या साम्याचे कारण काय दिले? ऋग्वेदी आर्य वायव्येच्या खिंडीतून आले, त्यांच्याबरोबर ही पांढरी गुरे आली, आणि ते दक्षिणेकडे सरकले त्या वाटेवर ती मागे राहिली. म्हणजे काटोल-आर्वीची गाय ही आर्यांच्या प्रवासातला एक मुक्काम!

हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि मग ते मावळले. कारण हा विचार गाईंच्या अभ्यासातून निघालेला नव्हता. माणसांविषयीचा तयार विचार गाईंना लावलेला होता. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड रक्तात शोधली होती. गोरे ते आलेले, काळे ते इथले. उंच नाक वर, बसके नाक खाली. तीच फूटपट्टी मग वशिंडाला लावली गेली. पांढरी, देखणी, लांब चेहऱ्याची गाय आर्यांची. म्हशीचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या नागपुरी म्हशीची तलवारीसारखी मागे वळलेली शिंगे पाहण्यासारखी असतात, दुधात ती गवळाऊला मागे टाकते, पण तिच्यासाठी कोणी वैदिक वंशावळ रचली नाही.

या कल्पनेला उत्तर गाईच्याच शरीरातून मिळाले. प्रत्येक पेशीत एक छोटा वारसा असा असतो की जो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काहीही वाटा नसतो. त्याला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणतात. १९९४ मध्ये संशोधकांनी युरोप, आफ्रिका आणि भारत येथल्या गाईंचा हा वारसा ताडून पाहिला. निष्कर्ष असा की वशिंडाची गाय आणि बिनवशिंडाची गाय यांचे मूळ रानटी पूर्वज कित्येक लाख वर्षांपूर्वीच वेगळे झालेले होते. म्हणजे माणसाने गाय एकदा नव्हे, दोनदा माणसाळवली. एकदा पश्चिम आशियात आणि एकदा इकडे, सिंधूच्या खोऱ्याच्या बाजूला. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीपासून गुरे माणसाळत गेल्याची साक्ष हाडांतून मिळते. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर वशिंडाचा बैल डौलात उभा आहे. आपल्या महाराष्ट्रात दैमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांतला रथ ओढणारी जोडी बैलांची आहे, घोड्यांची नाही.

आता आर्यांच्या गाईचा हिशेब लावा. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून जे पशुपालक आले, त्यांची गुरे बिनवशिंडाची होती. ती त्यांनी इकडे मोठ्या संख्येने आणली असती आणि त्यांतूनच आपल्या जाती निघाल्या असत्या, तर आईकडचा तो वारसा इथल्या गाईंत ठायी ठायी सापडायला हवा होता. देशी गाईंत तो जवळजवळ सापडतच नाही. गवळाऊ काय, ओंगोल काय, गीर काय, यांच्या आज्या-पणज्या वेद रचले जाण्याच्या हजारो वर्षे आधीपासून इथल्याच. जिला आज 'वैदिक गाय' म्हणून पुजतात, ती वेदांपूर्वीच्या माणसांनी माणसाळवलेली आहे. वेदांच्या कर्त्यांनी ती इथे आल्यावर घेतली. घेतली यात गैर काही नाही. पण मालकीचा कागद रंगवणे वेगळे.

आईकडचा वारसा आणखी एक गंमत करतो. आफ्रिकेतल्या वशिंडाच्या गाई तपासल्या तेव्हा त्यांची आईकडची रेषा बिनवशिंडाच्या गाईची निघाली. म्हणजे तिथे भारतीय वंशाचे वळू गेले, गाई स्थानिकच राहिल्या. पश्चिम आशियातल्या प्राचीन हाडांचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही सुमारे ४२०० वर्षांपूर्वी वशिंडाच्या वळूंचे रक्त तिथल्या कळपांत एकाएकी पसरल्याचे दिसते; पाऊस आटलेल्या काळात काटक वळूंना मागणी आली असावी. ब्राझीलची कथा तर ताजी आहे. आंध्रातली ओंगोल तिकडे नेल्लोरच्या नावावरून 'नेलोरे' म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्या देशाचा मांसधंदा तिच्यावर चालतो. वहीत ती शुद्ध भारतीय. पण पुष्कळ नेलोरे गाईंची आईकडची रेषा युरोपीय निघते, कारण बोटीतून थोडेच वळू-गाई गेले आणि त्या वळूंना तिथल्या गाई दाखवल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या बापाचे नाव लागत गेले, आईचे पुसले गेले.

बापाचे नाव लागते आणि आई पुसली जाते, हे आपल्याला नवे नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय हा याच वहीचा प्राचीन अवतार. बाप वरचा, आई खालची असली तर ते क्षम्य. बाप खालचा आणि आई वरची असली तर अपत्य अधम. शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांचे मूल चांडाळ, असे तो ग्रंथ सांगतो. अस्पृश्यतेचे स्पष्टीकरण म्हणून संकराची ही कहाणी शतकानुशतके सांगितली गेली. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या पोथीचे दहन झाले, तिच्यात हे पानही होते.

१९१६ हे वर्ष मला या संदर्भात नेहमी आठवते. त्या वर्षी लंडनमध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड प्रसिद्ध झाले. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इथल्या झाडून साऱ्या जातींची त्यांत नोंद आहे. कोण कोणापासून निघाले, कोणाच्या हातचे पाणी कोणाला चालते, कोणात कोणाचे रक्त किती, सारे काही. माहिती अफाट, मेहनत मोठी, पण दृष्टी वहीवाल्याची. आणि त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी भारतातील जातींवर निबंध वाचत होता. त्याचे म्हणणे असे की या देशात आलेले सगळे लोक एकमेकांत पुरते मिसळून गेलेले आहेत. रक्ताने जात समजणार नाही. आपसांतच लग्न करण्याचा नियम लादला गेला आणि त्या कोंडीतून जात उभी राहिली. एका वर्गाने आधी दार लावून घेतले, बाकीच्यांनी त्याचे अनुकरण केले किंवा त्यांना ते बाहेरून लागलेले आढळले. म्हणजे मिश्रण आधी, कुंपण नंतर.

जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, भारतीय लोकांच्या जनुकांचा एक अभ्यास आला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले वेगवेगळे मूळ प्रवाह मोठ्या प्रमाणावर मिसळले. भिल्लांसारख्या जमातीही त्यातून सुटल्या नाहीत. आणि त्यानंतर मिसळणे आटले, आपसांतल्या लग्नाची कुंपणे घट्ट झाली. प्रमाण सगळीकडे सारखे नाही, कोठे एका प्रवाहाचे पाणी जास्त, कोठे दुसऱ्याचे. हे लपवण्याचे कारण नाही. बाबासाहेबांच्या हाती नाकाची मोजमापे होती, आणि 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी शत्रूचीच फूटपट्टी घेऊन शत्रूचा सिद्धांत मोडला. आजची हत्यारे सूक्ष्म आहेत. तपशील बदलले, पण कुंपण नंतरचे आहे हा मुद्दा टिकला.

इथे आपल्याच माणसांशी थोडे बोलले पाहिजे. अलीकडे आपल्या सभांतून 'आम्हीच खरे, शुद्ध मूळनिवासी. ते परकीय रक्ताचे' असे मोठ्याने सांगितले जाते. डीएनएचे दाखले फडकवले जातात. टाळ्या मिळतात हे मला ठाऊक आहे. पण ही रिस्लेचीच फूटपट्टी आहे, फक्त उलटी धरलेली. पांढऱ्या गाईला आर्यांची म्हणणाऱ्या साहेबाची चूक आपण त्याच्या कागदाच्या पाठीवर लिहीत आहोत. १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज' मध्ये बाबासाहेबांनी आर्य वंशाचा सिद्धांतच नाकारला होता. दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी नाग लोकांचे स्मरण केले ते त्यांनी बुद्धधम्म देशभर पसरवला म्हणून. कोणाच्या नसांत नागांचे किती थेंब आहेत याची मोजदाद मांडायला नव्हे. आणि समतेचा हक्क जर रक्ताच्या चाचणीवर अवलंबून ठेवला, तर उद्या चाचणीचा निकाल वेगळा आला म्हणजे हक्क सोडायचा काय?

त्याच भाषणात ढोरांचाही विषय होता. मेलेली जनावरे ओढणे आपल्या लोकांनी सोडले तेव्हा पुण्याच्या 'केसरी'तून हिशेब मांडला गेला होता की शिंगे, खुरे, चामडे, हाडे यांपासून गावातल्या महारांना वर्षाला एवढे-एवढे रुपये मिळतात, ते का सोडता? बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते: फायदा एवढा असेल तर तो तुम्हीच घ्या. हा प्रश्न गवळाऊच्या इतिहासाशी जोडलेला आहे, पण त्या इतिहासात तो सापडत नाही. १९४१ मध्ये वर्ध्याला जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने गोसेवा संघ निघाला, गवळाऊच्या सुधारणेचे प्रयत्न झाले, हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र चालले. हे सर्व नोंदलेले आहे. गाय जिवंत असेपर्यंतची प्रत्येक मोजणी आहे: दूध किती, वेत किती, उंची किती. मेल्यावर तिचे काय होत असे, कोण ओढून नेई, कोणाला त्या बदल्यात गावाबाहेर राहावे लागे, याला रकाना नाही. नागपूरच्या पुष्कळ महारांनी माग धरला, एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर उभे राहिले, आणि ढोरापासून सुटका करून घेतली. खेड्यातल्यांना ती किंमत देऊन घ्यावी लागली.

जिवंत गाय ज्यांच्या हाती होती त्यांचे काय झाले? नागपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर या भागातली गुराखी जात म्हणजे गोवारी. नावच गाईवरून. दिवाळीत गायगोधनाला ढाल नाचवीत, गाई सजवून गावात आणणारे ते हेच. रसेलने त्यांच्यावर लिहिताना त्यांच्या पोटजाती सांगितल्या, वरच्या पोटजातीत गवळ्यांचे रक्त अधिक असावे आणि गोंड-गोवारी हे गोंडांपासून अधिक थेट निघालेले, असा तर्क केला. नीट वाचले तर ही भाषा पैदास केंद्राच्या वहीतलीच आहे.

१९५६ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या मुख्य नोंदीखाली 'गोंड गोवारी' असे दोन शब्द आले. गोवारी म्हणतात, ते आम्हीच. सरकारी कागद म्हणतो, गोंड गोवारी म्हणजे गोंड आणि गोवारी यांच्या मिश्रणातून निघालेली निराळी जमात. तुम्ही ती आहात हे सिद्ध करा. १९८५ च्या शासकीय आदेशात या जमातीची लक्षणे दिली गेली. गुराख्याने आपला संकर कोणत्या कागदाने सिद्ध करावा? त्याच्या आजोबाने गाईंची पिल्लावळ तोंडपाठ ठेवली असेल, स्वतःची कोठे लिहून ठेवली नव्हती.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी ही मागणी घेऊन गोवारी नागपुरात विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चाने आले. मॉरिस कॉलेजजवळच्या चौकात मोर्चा अडवला गेला. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे मेली, त्यांत बायका आणि लेकरेच जास्त. १९९५ मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात घालण्यात आले. जमातीचा प्रश्न तसाच राहिला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला की गोंड गोवारी नावाची निराळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झालेली होती, तेव्हा यादीतला शब्द गोवारींनाच उद्देशून आहे. दोन वर्षे दाखले मिळाले. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: यादी जशी आहे तशी वाचायची, न्यायालयाला तिच्यात भर घालता येत नाही, गोंड गोवारी वेगळे आणि गोवारी वेगळे. मधल्या काळात ज्यांनी प्रवेश वा नोकरी मिळवली त्यांना तेवढे संरक्षण दिले. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचे म्हणणे मला समजते. राज्यघटनेतली यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. पण यादी करणाऱ्यांना मिश्रणाचे नाव लिहिताना मिसळलेली माणसे दिसली नाहीत, हा दोष न्यायालयाचा नव्हे.

गाईच्या वहीत मात्र भर घालणे फारसे अवघड नसते. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे गोजातींची नोंद होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडची भाताच्या चिखलात काम करणारी लहानखुरी गुरे कालपर्यंत गावरान, बिनजातीची होती. २०२२-२३ मध्ये कठाणी नदीवरून त्यांना 'कठाणी' नाव मिळाले आणि ती जातिवंत झाली. कठाणीच्या गाईला आजोबांचा दाखला मागितला गेला नाही. संशोधकांनी जाऊन माप घेतले, नमुने घेतले, कळप पाहिला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तर संकरालाच मानाचे नाव दिले: होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्यापासूनची 'फुले त्रिवेणी'. जोतीरावांना हे नाव रुचले असते असे वाटते. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी परदेशातली चांगली शेळ्यामेंढरांची बेणी आणून इथे पैदास वाढवावी असे सरकारला सुचवले होते. शूद्र शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न त्यांच्यापुढे होता, रक्ताच्या शुद्धीचा नव्हता.

आज वारे पुन्हा उलट वाहते आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपयांचे अनुदान मंजूर केले. संकरित गाय माता नाही, म्हैस तर मुळीच नाही. गवळाऊचे बैल ट्रॅक्टरने बिनकामाचे केले, २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, आणि म्हातारा बैल कोणी विकत घेत नाही. काटोल-आर्वीकडच्या नंद गवळ्याला मातृत्वाच्या घोषणेचा कडबा करता येत नाही. गोवाऱ्यांची पोरे आता नागपुरात बांधकामावर आणि हॉटेलांत दिसतात.

सीताबर्डीत जिथे ते ११४ जीव गेले, तिथून जवळच त्यांचे स्मारक आहे आणि वरून जाणाऱ्या उड्डाणपुलालाही त्यांचे नाव दिलेले आहे. 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल' असे ते पूर्ण नाव. दरवर्षी २३ नोव्हेंबरला खेड्यापाड्यांतून गोवारी तिथे येतात, फुले वाहतात, आणि आपल्या नावापुढे 'आदिवासी' लिहिलेला तो पूल पाहून परत जातात.